मामाचा बिनतिखट रस्सा

आमच्या रस्त्यावरचे सगळेच त्याला मामा म्हणायचे. त्याच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा काउंटरपाशी उभी राहून "मामा, तुकडे जरा लहान कर हं," असं बजावायची. सख्खी भाची मात्र मी एकटीच. माझी आई गेली तेव्हा मी शाळेत होते. पुढे मामा-मामीनंच मला वाढवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. "साऱ्या गल्लीचा मामा झालो," तो म्हणायचा, "पण मला मामा बनवणारा अजून जन्माला यायचाय." हा विनोद तो वर्षानुवर्षं करत आला आणि मामी दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा कपाळावर हात मारून घ्यायची.

त्याचं चिकनचं दुकान घराच्या खालीच होतं. पुढे पत्रा ठोकलेलं काउंटर आणि वजनकाटा, बाजूला कोंबड्यांचा पिंजरा. मागे लाकडी ठोकळा, सत्तूर, गरम पाण्याचं पिंप आणि पिसं काढायचं गोल मशीन. ते मशीन सुरू झालं की वरच्या खोलीतल्या कपबश्या फळीवर थरथरायच्या. दुपारी दुकान धुऊन झालं की मामा खालच्या मोरीतच आंघोळ करायचा, कपडे बदलायचा आणि मगच जिना चढायचा. तरी ओल्या पिसांचा वास बोटांना राहायचाच. मामी म्हणायची, "हात नाकापासून लांब ठेवा, तुमच्या नाही, माझ्या."

कापायची त्याची एक पद्धत होती. पिंजऱ्यात हात घालताना त्यानं कधी झोंबाझोंबी केली नाही. कोंबडी काढून काखेत धरायची, तळहातानं तिचे डोळे झाकायचे आणि ती शांत होईपर्यंत थांबायचं. "झालं गं, झालं," असं काहीसं पुटपुटायचा, आणि मग एका झटक्यात तिला मोकळं करायचा. गिऱ्हाईक कितीही उतावीळ असलं तरी हे थांबणं त्यानं कधी आवरतं घेतलं नाही. कुणी कुरकुरलंच तर म्हणायचा, "घाई तुम्हाला आहे, तिला नाही."

गंमत अशी की चिकनवाल्याची बायको चिकन खात नसे. सोवळं-ओवळं काही नव्हतं त्यात. तिला मांस चावायलाच जमायचं नाही. घास तोंडात नुसता फिरत राही. पनीर मात्र ती कितीही खाई. त्यातून तिच्या पोटात जुना अल्सर होता. शेजारी मिरची परतली तरी तिच्या पोटात आग पडायची. म्हणून सोमवारी, दुकान बंद असलं की, स्वयंपाकघर मामाच्या ताब्यात जायचं आणि एकच भांडं चुलीवर चढायचं. त्यात चिकनही असे आणि पनीरही.

मी ओट्यापाशी बसून ते इतक्यांदा पाहिलंय की आजही सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. चिकनला दही, आलं, मीठ आणि हळद लावून झाकून ठेवायचं. कांदे आधी पाण्यात उकडून मग वाटायचे, म्हणजे उग्रपणा जातो. काजू गरम दुधात भिजत घालायचे. तुपात वेलदोडे आणि दालचिनीचा तुकडा टाकायचा, त्यावर कांद्याचं वाटण, आणि मग मंद आचेवर हलवत राहायचं. त्यात धणेपूड, मग चिकन. चिकन शिजत आलं की वाटलेले काजू. पनीरचे चौकोन गरम पाण्यात मऊ करून अगदी शेवटी अलगद सोडायचे आणि वरून साय. टोमॅटो नाही, मिरची नाही, मिरीचा दाणासुद्धा नाही. रस्सा हस्तिदंती रंगाचा व्हायचा आणि घरभर वेलदोड्याचा वास सुटायचा.

"तुमच्या कोंबडीची सगळी चव माझ्या पनीरनं पिऊन टाकलीय," मामी बोटं चाटत म्हणायची.

"म्हणजे तू कोंबडी खाल्लीसच की."

"पुरावा दाखवा."

मामा तिच्या ताटात वाकून बघायचा. ताट पुसल्यासारखं स्वच्छ असायचं.

मग पक्ष्यांमध्ये रोग आला. आधी नुसत्या बातम्या आल्या, मग एके दिवशी सगळ्या चिकनच्या दुकानांवर बंदीची पत्रकं चिकटली. मामाच्या पिंजऱ्यातल्या कोंबड्या माणसं येऊन घेऊन गेली. दुकानाचं शटर खाली आलं आणि दिवसभर ते मशीन गप्प राहिलं, तेव्हा आम्हाला कळलं की घरात किती शांतता मावते.

त्याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर जिना चढून आले. भले गृहस्थ होते. डोळ्यांवर झोप साठलेली. म्हणाले, "शहराबाहेरच्या पोल्ट्र्या रिकाम्या करायच्यात. पक्षी मारून पुरायचे. माणसं मिळालीत, पण त्यांनी जन्मात कोंबडी हातात धरलेली नाही. पंख मोडतात, पाय मोडतात, नको ते होतं. तुमच्यासारखा हात असेल तर त्या जिवांचे हाल तरी कमी होतील."

ते गेल्यावर मामी म्हणाली, "जाऊ नका."

"का?"

"का ते मला सांगता यायचं नाही. पण जाऊ नका."

"अगं, कुणीतरी करणारच आहे ते. मग ज्याला नीट येतं त्यानं का करू नये?"

मामी लोकांना उशांचे अभ्रे शिवून द्यायची; ती शिलाईच्या मशीनवर जाऊन बसली आणि नुसतंच चाक फिरवत राहिली.

मामा गेला आणि बरेच दिवस आला नाही. काम करणाऱ्यांना तिकडेच एका रिकाम्या गोदामात ठेवलं होतं, रोग बाहेर जाऊ नये म्हणून. फोन करायचा, पण "जेवलो" आणि "तू गोळी घेतलीस का" याच्यापलीकडे गाडी जायची नाही. परत आला तो डोक्याचे केस अगदी बारीक कापून. नेलेले कपडे तिकडेच जाळले होते. दारात उभा राहिला आणि मामीनं "या" म्हटल्यावरच आत आला, जणू पाहुणाच. त्यानंतरच्या सोमवारी मामीनं नुसत्या पनीरच्या रश्श्यासाठी कांदे काढून ठेवले. त्यानं ते पुन्हा टोपलीत टाकले आणि दूध-भात खाऊन उठला. तिकडे काय झालं ते आम्ही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

बंदी उठली. पिंजरा पुन्हा भरला. पहिलं गिऱ्हाईक म्हणून समोरच्या इमारतीतल्या शिंपीणबाई आल्या. मी कामावर निघाले होते, चष्म्याच्या दुकानात. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर असताना पाहिलं, मामानं कोंबडी काढली, काखेत धरली, तिचे डोळे झाकले. आणि तसाच उभा राहिला. कोंबडी केव्हाच शांत झाली होती. तिच्यावरचा तळहात निघेना. शिंपीणबाई आधी हसल्या, मग इकडेतिकडे बघायला लागल्या. मामानं ती कोंबडी पिंजऱ्यात ठेवली, दुसरी काढली. पुन्हा तेच. मागे आणखी माणसं येऊन थांबली. मामाच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुटपुटत होता, "झालं गं, झालं, झालं गं."

मामी चहा घेऊन खाली आली होती. तिनं कप काउंटरवर ठेवला, पदर खोचला आणि त्याच्या काखेतून कोंबडी काढून घेतली.

"सरका," ती म्हणाली.

तिला ते जमलं नाही. एका घावात व्हायला हवं ते झालं नाही, आणि जे दिसलं ते मी सांगत नाही. मामा शटरला धरून बाहेर रस्त्यावर जाऊन बसला. मामी मोरीत जाऊन ओकली, तोंड धुतलं, परत आली आणि शिंपीणबाईंना म्हणाली, "थांबा, देते."

त्या दिवसापासून दुकान मामी चालवायला लागली. जिला मांसाचा घास गिळता येत नव्हता ती ठोकळ्यापाशी उभी राहायची. हळूहळू हात बसला. ती डोळे झाकायची नाही; म्हणायची, "तेवढा वेळ थांबले तर माझंही त्यांच्यासारखं व्हायचं." मामा वर बसून अभ्रे शिवायचा. टीप वाकडी यायची. मामी उसवून परत त्याच्याकडे टाकायची आणि म्हणायची, "उशीला मान मुरगळून झोपायला लावता का?" तो हसायचा, पण ओठांनीच. गल्लीत लोक बोलायचेच. एकदा पानाच्या टपरीवरचा कुणीतरी माझ्या कानावर जाईल अशा बेतानं म्हणाला, "शेवटी कोंबड्यांनीच मामाला मामा बनवला." मी ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढे गेले. घरी येऊन रडले.

मामीचं पोट या सगळ्यात बिघडत चाललं होतं. ती गोळ्या घ्यायची आणि खाली जायची. "उद्या दाखवू डॉक्टरला," म्हणायची. असे बरेच उद्या गेले. एका सकाळी ती ठोकळ्यावर वाकली आणि तिला रक्ताची उलटी झाली. समोरच्या गिऱ्हाइकाला आधी कळलंच नाही. त्याला वाटलं, कोंबडीचंच रक्त. ती खाली बसली तेव्हा तो ओरडला. मामा जिन्यावरून कसा उतरला ते त्यालाही आठवत नाही. त्यानं तिला उचललं आणि तशीच रिक्षात घातली.

दवाखान्यात रक्त चढवलं, नळी घातली, तपासायला पोटातला तुकडा काढून पाठवला. काही दिवसांनी घरी सोडलं. "मऊ, बिनतिखट द्या, पण अंगात ताकद यायला हवी," असं सांगितलं. पेज झाली, दूध झालं, उकडलेला बटाटा झाला. मामी दोन चमचे घ्यायची आणि तोंड फिरवायची. मग एका दुपारी म्हणाली, "आज सोमवार ना?"

"नाही," मामा म्हणाला. "गुरुवार."

"असू दे. रस्सा करा."

मामानं पिशवी घेतली. मी बरोबर गेले.

आमचं दुकान बंदच होतं. पलीकडच्या चौकातल्या चिकनवाल्याकडे रांग होती, त्या रांगेत मामा गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला. आत मशीन फिरत होतं. मामा रस्त्याकडे तोंड करून उभा होता, मुठी खिशात. आमचा नंबर आला तेव्हा तो माणूस गडबडला. "मामा, तुम्ही? काय देऊ? तुकडे कसे करू?" जन्मभर हा प्रश्न मामानं दुसऱ्यांना विचारलेला. "बिनहाडाचे," मी म्हणाले. "अगदी बारीक."

घरी आल्यावर त्यानं ते धुतलं, दही लावलं. मामीची खाट बाहेरच्या खोलीत, दार उघडं, तिथून तिला त्याची पाठ दिसत असावी. कांद्याचं वाटण तुपात पडलं आणि तो ते हलवायला लागला. आणि हलवता हलवता, भांड्यात बघत, बोलायला लागला. कुणाशी ते कळत नव्हतं.

"पहिले दोन दिवस मी प्रत्येकीचे डोळे झाकले. लोक हसायचे. मग तिथले साहेब म्हणाले, मामा, असं केलंत तर महिना जाईल. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती एवढ्या होत्या. डोळ्यांना लावायला दिलेल्या त्या चष्म्यातून नीट दिसायचं नाही, घाम यायचा आत. मग मीपण भराभरा करायला लागलो. धरायचं, मुरगळायचं, पोत्यात. धरायचं, मुरगळायचं."

वाटण हळूहळू तूप सोडायला लागलं होतं.

"दुकानात प्रत्येक कोंबडीला कुणीतरी असतं गं. कुणाच्या घरी पाहुणे असतात, कुणाचं पोर परीक्षेत पास झालेलं असतं. ती कुणाच्या तरी घरी जायची असते. त्या कुणाच्याच नव्हत्या. शेवटच्या दिवशी खड्ड्यावर चुना टाकला, माती टाकली. मी बाजूला बसून पाणी प्यायलो. आणि माती हलली. एके जागी, अशी, खालून कुणीतरी ढकलल्यासारखी. माझ्याच हातची असणार. घाईत राहिली. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, थांबेल. मी म्हटलं, उकरू या. ते म्हणाले, मामा, बसा तुम्ही. मी बसलो. बराच वेळ हलत होती."

त्यानं चिकन वाटणात सोडलं. चर्र झालं आणि वाफेत त्याचं तोंड दिसेनासं झालं.

बाहेरून मामीचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट. "अहो."

"काय?"

"झाकण ठेवा, आच कमी करा, आणि इकडे या."

तो गेला. मी भांड्यापाशी थांबले. त्या खोलीतून बोलणं ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं डोकावले तर तो खाटेजवळ जमिनीवर बसला होता आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता, पुन्हा वाढलेल्या केसांवर. दोघंही रडत नव्हती. मी परत येऊन काजू वाटले, पनीर पाण्यात टाकलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं खाटेभोवती जेवलो. भात मऊ केला होता. मामीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ चघळत राहिली. मामाचा जीव टांगणीला. "मीठ कमी झालंय का?" त्यानं विचारलं.

"गप्प बसा हो. खाऊ द्या."

ती खरंच जेवली. पनीरचे तुकडे संपवले आणि वाटी पुढे केली. मग म्हणाली, "तो चिकनचा एक बारीक तुकडा द्या बघू. डॉक्टर म्हणालेत ना, ताकद हवी." तिनं तो तोंडात घातला, इकडून तिकडे फिरवला आणि रुमालात काढून ठेवला. "नाही जमत," ती म्हणाली. "एवढ्या कोंबड्या कापल्या, पण खायचं काही येत नाही मला." आणि हसायला लागली. पोट दुखत होतं म्हणून पोट धरून हसली. मामाही हसला. कितीतरी महिन्यांनी त्याचे दात दिसले. मग त्यानं स्वतःच्या ताटात रस्सा घेतला, भात कालवला आणि पोटभर जेवला. चिकनही खाल्लं. मी उठून भांडं खरवडलं. एवढा चांगला रस्सा त्यानं आधी कधी केला नव्हता, की आम्हालाच भूक तशी लागली होती, सांगता येत नाही.

तपासणीचा निकाल त्यानंतर आला. तो अल्सर नव्हता, निदान आता नव्हता. डॉक्टर मामाला बाजूला घेऊन बोलले आणि मामा जिना चढून आला तेव्हा मामीनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "कळलं," ती म्हणाली. "सांगत बसू नका."

पुढचे महिने मामा रोज तोच रस्सा करत राहिला, तिला सोसेल तसा. आधी पनीर कुस्करून घालायचा. मग चिकन शिजवून बाजूला काढायचा आणि नुसता रस ठेवायचा. मग सायही सोसेना. शेवटी शेवटी तर तो सगळं गाळून घ्यायचा आणि वेलदोड्याच्या वासाचं कोमट पाणी चमच्यानं तिच्या ओठांना लावायचा. ती जीभ फिरवायची आणि मान हलवायची. चांगलं झालंय, असं. एके सकाळी तिनं मान हलवली नाही. चमचा तसाच भरलेला होता. मामानं तो वाटीत ठेवला, तिचं तोंड पुसलं आणि मला हाक मारली, अगदी साध्या आवाजात.

दुकानाची जागा त्यानं एका चावीवाल्याला भाड्यानं दिली. मशीन आणि ठोकळा भंगारात गेला. तो आता पार्सलच्या गोदामात काम करतो, खोकी वजन करून चिठ्ठ्या लावायचं. माझं लग्न झालं तेव्हा आम्ही दोघांनी त्याला आमच्याकडे राहायला ये म्हणून किती विनवलं. "येतो की रविवारी," म्हणतो, आणि येतो. स्वयंपाक तो करत नाही. घरी चूल पेटवतच नाही, गोदामाजवळच्या खानावळीत जेवतो. माझ्याकडे जे असेल ते खातो, तिखट असो, फिकं असो, आणि "छान झालंय" म्हणतो. मामीचा विषय मी काढला तर ऐकतो. स्वतः काढत नाही. त्यापेक्षा गोदामातल्या गोष्टी सांगतो, कुणीतरी पत्ता न लिहिताच पंखा पाठवला होता, आणि तो पंखा अजून तिथेच पडून आहे.

ऊन उतरलं की उठतो. "चल, निघतो," म्हणतो. जिना उतरताना हल्ली कठडा धरतो. मी वरून बघत राहते. कोपऱ्यावर बस येते, तो चढतो, आणि बहुतेक वेळा त्याला बसायला जागा मिळते.